अकरा पॉइंट ब्याण्णव

भीमराज रंगात आला होता. पिंपळे गुरवच्या विहारात दर रविवारी सकाळी तो विज्ञानावर बोलायचा, आणि आज गॅलिलिओ होता, म्हणजे विचारायलाच नको. फळ्यावर त्यानं गुरू काढला, भोवती चार चंद्र काढले आणि गाडी इटलीतल्या पदुआच्या एका प्रोफेसरवर आणली. गॅलिलिओ म्हणतोय, बाबा रे, एकदा दुर्बिणीला डोळा लावून तर बघ. हा गडी म्हणतो, नको, त्यानं माझं डोकं गरगरतं. बघितलं असतं तर जन्मभर शिकवलेलं खोटं पडलं असतं ना!

सगळे हसले. मिनल तेवढी हसली नाही.

मिनल चाकणला त्याच्याच कंपनीत मशीनवर होती. तो तिथला क्वालिटी इन्स्पेक्टर, बावीस वर्षं मुरलेला. गुरुवारी ती एक पिन घेऊन त्याच्या टेबलाशी आली. माल बारीक येतोय सर, मी मशीन थांबवलंय, एकदा मापून बघा, म्हणाली. बाहेर गाडी भरत होती, मॅनेजर डोक्यावर उभा होता. भीमराजनं मान वर न करताच सांगितलं, माल ओके आहे, जा. संध्याकाळी तिच्या हातात कागद पडला. विनाकारण मशीन बंद केलं, सोमवारी चौकशी. नोकरी जाणार हे गेटवरच्या वॉचमनलाही कळत होतं.

आता ती उठून पुढं आली. रुमालात बांधलेली पिन तिनं टेबलावर ठेवली.

"सर, आता तरी मापा."

भीमराजचा हात सवयीनं खिशाकडे गेला. मापायचं व्हर्नियर कायम तिथंच असायचं, अगदी रविवारीसुद्धा. पण हात मधेच थांबला. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं त्याला.

"मापायला नको," तो म्हणाला. "तू गेल्यावर मी त्याच मालातली एक पिन मापली होती."

बाकीच्यांना काही उमगलं नाही. मिनलला उमगलं. ती नुसती बघत राहिली आणि ते बघणं त्याला सोसेना. इतका वेळ ज्याची टिंगल केली तो प्रोफेसर परवडला, त्यानं निदान बघितलं तरी नव्हतं.

"मग उद्या चौकशीत सांगाल?"

सांगतो म्हणायला काय जातंय! पण उद्या समोर मॅनेजर असणार, आणि भीमराज स्वतःला चांगला ओळखून होता. कंपनीत सहीशिवाय मापाला किंमत नसते. त्यानं खडू उचलला. चार चंद्रांखाली लिहिलं, पाहिजे बारा मिलिमीटर, आहे अकरा पॉइंट ब्याण्णव. गुरुवारची तारीख टाकली आणि सही केली. सही वाकडी आली.

मिनलनं मोबाईल काढला. मग म्हणाली, सर, तुम्ही पण फळ्याशेजारी उभे राहा. तो उभा राहिला, खाली फरशीकडे बघत.

"सर," मिनल म्हणाली, "वर बघा."