गर्द लाल

किटलीतलं उकळतं पाणी शेवटच्या थेंबापर्यंत धाकटीच्या कुंडीत ओतून थोरली जिना उतरली, तेव्हा कुठे तिच्या जिवाला थंडावा मिळाला. न्हाणीघरात धाकटी जाऊ गुणगुणत होती. गुणगुण म्हणावं, किती गुणगुणायचंय ते.

थोरलीच्या नवऱ्याने अंगणात जीव लावून वाढवलं होतं ते अडेनियमचं झाड. बुंधा फुगीर, फुलं गर्द लाल. पाणी दहा दिवसांतून एकदा. "फार लाड केलेस तर कुजेल," असं तो म्हणायचा. दर हिवाळ्यात फांद्याही तोच छाटायचा.

यंदा तो नव्हता. छाटणी थोरलीने केली, रडत, दातओठ खात, पार बुंध्यापर्यंत. असा मध्येच सोडून गेला, त्याचा राग तिने कात्रीने काढला. फांद्या कचऱ्याच्या बादलीत गेल्या.

उन्हाळ्यात झाड फुललं ते फिक्कं गुलाबी.

थोरलीने मान वर केली. धाकटीच्या गॅलरीतून साबणाचं पाणी खाली ठिबकत होतं. आणि त्याच गॅलरीत, नव्या कोऱ्या कुंडीत, गर्द लाल फुलं!

"साबणाच्या पाण्याने माझ्या झाडाचा रंग मारलास, आणि वर तेच विकत आणून मिरवतेस?" काल तिने विचारलंच.

"विकत नाही आणलं, ताई."

"मग कुठून आलं?"

"कळेल तुम्हाला रविवारी," म्हणून ती हसली.

ते हसणं थोरलीच्या डोक्यात गेलं. चोर तो चोर, वर शिरजोर! नवऱ्याची एवढी एकच खूण उरली होती, तीही या बाईने नासवली. ठीक आहे, पाण्याला पाणी.

आता फक्त साक्षीदार हवा होता. बोलावलेला रोपवाटिकावाला नऊच्या ठोक्याला आला आणि झाडापाशी उकिडवा बसला.

"सांगा, साबणानेच गेला ना रंग?"

त्याने बुंध्यावरून अंगठा फिरवला. "साबण नाही न् काही नाही, बाई. हे कलम होतं. खालचा बुंधा गुलाबी जातीचा, वरचा लाल साहेबांनी चढवलेला. तुम्ही गाठीच्या खालून छाटलंत. लाल सगळा गेला."

"मग दुसरं आणा. तस्संच."

"कुठून आणू? तो लाल त्यांनी घरीच बियांपासून केला होता. माझ्याकडेही नाही."

थोरलीने पायरीवर बसून डोळ्यांना पदर लावला. आपल्याच हाताने केलं सगळं.

धाकटी ओल्या केसांनीच खाली आली होती. तिने सगळं ऐकलं. "रडू नका ना, ताई. तुम्ही टाकलेल्या फांद्या बादलीतून मीच काढल्या होत्या. पुस्तकात बघून दुसऱ्या बुंध्यावर बांधल्या, त्यातली एकच धरली. रविवारी भाऊजींना जाऊन वर्ष होईल, तेव्हा देणार होते. थांबा, आत्ताच आणते."

धाकटी धावत वर गेली.

वरून तिचा आवाज आला, "ताई, ही कुंडी एवढी गरम कशी हो?"