हिरवी साल

शाली विकायला कोलकात्याला गेलेल्या मुश्ताकचा फोन ऐन हिवाळ्यात लागेनासा झाला. जाण्याआधी त्यानं अंगणात गुलाबाचं झुडूप लावलं होतं. त्याची आई, झून, रोज बर्फ बाजूला सारायची, नखानं फांदीची साल खरवडायची आणि आत हिरवं दिसलं की सुनेला हाक मारायची, "बघ गं, जिवंत आहे! माझं लेकरूही असंच असणार." मगच तिच्या घशाखाली चहा उतरायचा.

बर्फ वितळलं, बदाम फुलले, पण झुडपाला एक पान फुटेना. तिनं शेजारच्या समद माळ्याला बोलावलं. तो बराच वेळ फांद्यांवरून बोटं फिरवत राहिला.

"थंडीनं नाही मेलं, झून. हिवाळा काढला होता यानं.

"याची सगळी साल तूच खरवडून काढलीस."