आधी हात, मग आवाज

इतवारीतल्या भांड्यांच्या गल्लीत काही पडलं तर कोणी दचकत नाही. माझ्या सासूबाई, मैनाबाई, तीस वर्षं आमच्या दुकानात बसतात. पाठीमागे पितळी हंडा आदळला तरी त्यांची पापणी हलत नसे.

सोमवारी त्यांचे खांदे एकदम उडाले. मी विचारलं, "काय झालं, आई?" तेवढ्यात शेजारच्या दुकानात परात पडली.

मंगळवारी त्या दचकल्या, मग सावकाश पेलाभर पाणी प्यायल्या, आणि त्यानंतर फळीवरून पातेलं पडलं. रोज हे अंतर वाढतच गेलं.

आज भर दुपारी त्यांनी दोन्ही हात डोक्यावर आवळून धरले आणि मटकन खाली बसल्या.

"हात खाली येऊनच नाही राहिले वं, मयुरी," त्या हळूच म्हणाल्या.

मी त्यांना उठवायला वाकले, तसे माझेही हात वर गेले. ते खाली येईनात. पाय जागचे हलेनात. मान तेवढी वळली.

समोरचा दुकानदार, हातगाडीवाला, टेम्पोतला ड्रायव्हर, सगळी गल्ली डोक्यावर हात धरून वाकली आहे.

आवाज अजून आलेला नाही.