कुठे निघालात?

सकाळी घरातून निघालेले आंबोआजोबा दुपार झाली तरी परतले नाहीत. हल्ली त्यांना स्वतःचं दारही ओळखू येत नसे. त्यांचा मुलगा रोदेल गल्लीभर विचारत सुटला.

"मी विचारलं ना त्यांना," दुकानातून मामेंगमावशी म्हणाल्या. "म्हटलं, कुठे निघालात? तर म्हणाले, हे काय, इथेच."

"मग?"

"मग काय? ओठ पुढे काढून रस्त्याकडे खूण केली आणि गेले. पुन्हा कोण विचारतं, बाबा?"

तिठ्यावरच्या रिक्षावाल्यानेही विचारलं होतं, पाववाल्यानेही. चर्चच्या पायऱ्या झाडणाऱ्या बाईने तर 'जेवलात का?' हेही विचारलं होतं. आमच्या तागालोग भाषेत माणूस दिसला की एवढं विचारायचंच असतं. उत्तरासाठी थांबायचं नसतं.

"अरे, एकाला तरी त्यांचा हात धरता आला नाही?" रोदेल ओरडला.

रस्ता धक्क्यावर संपत होता. बोटीच्या तिकीटवाल्यानेही विचारलं होतं. "इथेच म्हणाले, म्हणून तिकीट फाडलं नाही."

धक्क्याच्या टोकाला आजोबांच्या चपला होत्या, नीट जोडीने काढून ठेवलेल्या. त्या हातात घेऊन रोदेल पाण्याकडे बघत कितीतरी वेळ उभा राहिला, मग कुठे जायचं ते न कळून चालू लागला.

समोरून खांद्यावर जाळं टाकून एक ओळखीचा कोळी येत होता.

"काय रोदेल, कुठे निघालास?"

रोदेलच्या तोंडून आपसूक निघालं, "हे काय, इथेच."

कोळी पुढे निघून गेला.