सातवी ओळ

सकाळी नेहमीची आज्ञा टाइप केली, पण कामांची यादी आली नाही. काळ्या पडद्यावर एकच वाक्य उमटलं: सातव्या ओळीत रंग रिकामा आहे.

नकाशेवाल्यानं सेटिंगची फाइल उघडली. कार्यालयातल्या प्रत्येकाच्या नावापुढे एक रंग होता आणि यादीत त्याची कामं त्याच रंगात दिसत. सातवं नाव त्याच्या बायकोचं. त्यापुढे काहीच नव्हतं. तिला जाऊन तीन महिने झाले होते.

प्रोग्राम भाचीनं लिहिलेला. कालच तिनं नवी आवृत्ती टाकली होती. ती खुर्ची ओढून शेजारी बसली. रिकामी जागा म्हणजे भरायची राहिलेली, म्हणून आता ती चालणार नाही, असं तिनं समजावलं. एखादा रंग टाकायचा, नाहीतर ओळच खोडायची.

ओळ खोडली तर तिनं काढलेल्या एकेचाळीस नकाशांसकट बायकोचं नाव यादीतून जाणार होतं.

पलीकडच्या टेबलावरून ड्राफ्ट्समन म्हणाला, राखाडी टाका आणि मोकळे व्हा, कामं खोळंबलीत.

“राखाडी कुणाला विचारून?” नकाशेवाल्यानं विचारलं. ड्राफ्ट्समन पुन्हा आपल्या नकाशाकडे वळला.

भाचीचा आवाज खाली आला. “मामा, रंगाचं काय एवढं? मामीकडून राहून गेलं असेल.”

“राहून गेलेलं नाही. तू प्रोग्राम दिलास त्या दिवशी सगळे रंगांवरून भांडत होते. ती म्हणाली, मला नको, मी काय फुगा आहे? तू बसलीस ना, त्याच खुर्चीत बसून म्हणाली.”

भाचीनं कीबोर्ड जवळ ओढला. मग तिनं विचारलं, “रिकामं दिसलं की प्रोग्रामनं काय समजायचं?”

“नको म्हटलंय, असं समजायचं. शिकव त्याला. ती ओळ हलणार नाही.”

तिला तासभर लागला. रंग रिकामा असेल तर कुठलाच लावायचा नाही, एवढंच तिनं प्रोग्रामला सांगितलं. यादी आली. हिरव्या, पिवळ्या, निळ्या ओळींमध्ये बायकोच्या एकेचाळीस ओळी साध्या अक्षरांत उभ्या होत्या.

भाची उठू लागली. त्यानं हातानं तिला थांबवलं, फाइल पुन्हा उघडली आणि स्वतःच्या नावापुढचं ‘निळा’ खोडून टाकलं.

“आता चालव,” तो म्हणाला.