कूलरातलं पाणी

कंपूटर चौथ्यांदा बंद पडला, तशी स्नेहा पेचकस घेऊन त्याच्यापुढं मांडी घालून बसली. तिच्या कामरगावच्या स्टुडिओत बाकावर धनजचा लखीराम टेकला होता. त्याच्या पोरीच्या, रेणूच्या, लग्नाचा व्हिडिओ आत अडकला होता, अन् संध्याकाळी तो वाशीमच्या रिसेप्शनमध्ये मोठ्या पडद्यावर दाखवायचा होता.

स्नेहाचा बाप उकंडराव मागं उभा. आत्ताच त्यानं लखीरामले छाती फुगवून सांगितलं होतं, "पोरगी बाहेर गेली का याचं सारं मीच पाह्यतो. दिवसातून दोनदा हात लावून ताप मोजतो."

"पान्यावर चालते हा?" लखीरामनं उघड्या पेटीतल्या नळ्यांकडं बोट करून विचारलं.

"नाई काका. नळीतलं औषधाचं पानी फिरते अन् गरमी बाहेर आनते," स्नेहा म्हणाली. "आता ते फिरूनच नाई राह्यलं."

तिनं नळी सोडून पाणी स्वयंपाकाच्या गंजात उतरवलं. काचेसारखं हिरवं असायचं, ते ताकासारखं निघालं. तळाशी पांढरा चुरा बसला. तिनं तो बोटात चोळला.

"हा तं बोअरच्या पान्याचा खार हाये. औषधात कुठून आला?"

उकंडरावच्या कानाच्या पाळ्या तापल्या. "उन्हानं येते. औंदा वाशीमले एकाच्या मोटरसायकलच्या टाकीत मीठ पिकलं. डब्यानं काढलं त्यानं."

"तुमी पाह्यलं?" लखीराम.

"चाखलं."

स्नेहानं आतला तांब्याचा ठोकळा खोलला. त्याच्यात केसाएवढ्या बारीक फटी. तिनं टाचणीनं एक तपकिरी तंतू ओढला. मग दुसरा. नाकाशी नेला.

"वाळ्याचा वास येऊन राह्यला. बाबा, पान्याले मुळ्या फुटल्या."

"फुटतात," उकंडराव म्हणाला. पण आवाज पार बारीक.

"कंपूटर इकणाऱ्या त्या नागपूरच्या दुकानवाल्याले फोनच लावू द्या मले. ग्राहक मंचात नाई खेचलं तं नाव नाई सांगणार."

नंबर अर्धा दाबून झाला, अन् उकंडराव वाकून तिच्या कानाशी आला.

"नको लावू, माय. मागच्या हप्त्यात अमरावतीहून तू काय म्हणे फोनवर?"

"काय म्हटलं?"

"कूलरात पानी टाकजा म्हणे. अन् याच्या डब्बीलेही तू कूलरच म्हनतं. मी दोघातही टाकलं. खिडकीतल्यात बादलीभर, याच्यात मावलं तेवढं. जुनं हिरवं झालतं, शेवाळ समजून पिचकारीनं उपसलं."

"अन् वाळा?"

"माठातलं वाळ्याचं पानी टाकलं. म्हटलं गार राह्यीन."

स्नेहा बापाकडं बघतच राहिली. बाप लखीरामकडं बघत होता, ऐकलं का काय म्हणून. तिनं फोन खाली ठेवला.

मग इन्व्हर्टरसाठी आणलेलं बॅटरीचं पाणी काढलं. ठोकळा दातांच्या ब्रशनं घासला, नळ्या दोनदा खंगाळल्या, अन् नवं औषध येईपर्यंत तेच स्वच्छ पाणी आत भरलं. बटन दाबलं. पडद्यावरचा तापाचा आकडा चढला, बेचाळीसवर थांबला, अन् तिथंच बसला. घंटाभरानं रेणू हार घालून पडद्यावर हसली, अन् लखीरामच्या हातात पेनड्राइव्ह पडला.

"काय झालतं पन याले?" लखीरामनं विचारलं.

उकंडराव भिंतीवरची पाल न्याहाळू लागला.

"ऊन लागलं होतं, काका," स्नेहा हात पुसत म्हणाली.

लखीरामनं गंभीरपणे मान हलवली. खिशात हात घालून उन्हासाठी बाळगलेला कांदा काढला, कंपूटरच्या डोक्यावर नीट बसवला, अन् पायात चपला सरकवल्या.

"राहू द्या याले," तो म्हणाला. "मी तं बसनंच चाललो."