चार ढेकळं

लॉकडाऊनमध्ये सुरतेतले माग बंद पडले होते, मागावर काम करणारा निंबा घरीच होता. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सकाळी त्याच्या मोबाईलवर मेसेज आला: शेतकऱ्यांसाठीची सरकारी मदत जमा. लेक सोनालीने विचारलं, “पप्पा, तुम्ही शेतकरी?” खानदेशातली जमीन त्याच्या नावावर होती, पण कसत होती विधवा वहिनी सुंदरा. तरी निंबाला हुक्की आली. गावच्या रिवाजाप्रमाणे त्याने चार ढेकळं मांडली, पावसाळ्याच्या चार महिन्यांची. वर पाण्याची घागर ठेवली. जे ढेकूळ भिजेल, त्या महिन्यात पाऊस. बापलेक दिवसभर वाकून वाकून बघत राहिले. संध्याकाळी पाहावं तर चारही कोरडीठाक! धसकून सुंदराला व्हिडिओ कॉल लावला. तिच्याकडचं आषाढाचं ढेकूळ चिंब झालेलं. तिने त्याची घागर निरखली. “भाऊजी, स्टीलची झिरपते का कधी? मातीची लागते!” निंबा हसता हसता थांबला. “वहिनी, खातेनंबर सांगा. शेतकऱ्याचे पैसे चुकून माझ्याकडे आलेत.”